क्रमांक तीनचे बूट

६ फेब्रुवारी

ती. ताई,

नमस्कार. कंबर धरली आहे, त्यामुळे तो उभ्यानेच पोचता करतो.

काल सकाळी काचघरात गेलो आणि जागच्या जागी थिजलो. दाराशेजारचे मोठे तावदान फुटले आहे. अर्धे चौकटीत दात विचकून उभे, अर्धे खाली बेगोनियाच्या कुंड्यांवर. प्रदर्शनात मांडायची म्हणून गडद पानांची जी नवी जात मी पोटच्या पोरासारखी वाढवली, तिच्या निम्म्या रोपांची पाने काचांनी चिरली गेली. तू उभी हयात न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काच आणि माती यांचा विभाग सांभाळलास. परक्यांच्या खिडक्यांसाठी इतके डोळे फोडलेस, आता सख्ख्या भावाच्या खिडकीकडेही बघ.

कोणी फोडले, ते मला ठाऊक आहे. मला फक्त पुरावा हवा आहे. चौकात खिडक्यांना काचा बसवून देणारा तो काचवाला, त्याच्याशी लग्न करायचे तुझ्या भाचीने मनात घेतले आहे. त्याचा हेतू उघड आहे. तावदान फुटले की काचवाल्याला बोलवावे लागते, आणि काचवाला आला की आमच्याकडे चहा होतो, आणि चहा कोण करते हे तुला सांगायला नको. येत्या सव्वीस तारखेला त्याचे आईवडील होकार विचारायला येणार आहेत. मुलीने माझ्यापुढे सरळ करार मांडला. म्हणाली, "बाबा, आत्या म्हणाली की त्यानेच फोडलं, तर मी त्याचं नाव काढणार नाही. पण तसं निघालं नाही, तर तुम्ही मुकाट्यानं हो म्हणायचं." मी कबूल झालो. तू तिची आत्या झालीस ते नंतर. माझी बहीण आधी आहेस, एवढे ध्यानात असू दे.

तुझा धाकटा


९ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

तुझ्या कंबरेला आणि बेगोनियाला लवकर उतार पडो.

तुझ्या पत्रातला फुटक्या काचेचा परिच्छेद मी वाचला. पुढच्याचा आरंभ "कोणी फोडले, ते मला ठाऊक आहे" असा दिसताच पत्र मिटले आणि तुझ्या भावोजींच्या हाती दिले. रागावू नकोस, या शिस्तीमागे फार सुंदर कारण आहे. संशयिताचा चेहरा एकदा मनात शिरला, की भिंगाखालचा प्रत्येक कण त्याच्यासारखा दिसू लागतो. डोळा लबाडी करत नाही, पण मन त्याला हळूच कोपराने ढोसते. म्हणून तपासणाऱ्याला कहाणी सांगू नये. त्याच्यापुढे फक्त वस्तू ठेवाव्यात. यापुढे तुझे प्रत्येक पत्र आधी भावोजी वाचतील आणि ज्या ओळीला कोणा माणसाचा वास येईल, तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवतील. निवृत्तीनंतर इतका अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता. सकाळपासून पट्ट्या कापत बसले आहेत.

आता तुझे काम. चौकटीत उरलेल्या काचा उपटण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर आतली बाजू कोणती त्याची खूण कर. ती माहिती एकदा गेली की जन्मात परत मिळत नाही. बारीक तुकडेही टाकू नकोस. सगळे कडक खोक्यात, कागदात गुंडाळून ठेव. घरातल्या आणि घरी येणाऱ्या माणसांचे बूट वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत भर. नावे नकोत, क्रमांक घाल. तुझे स्वतःचेही बूट हवेत, कारण कोणाला वगळायचे हे कळल्याखेरीज कोणाला धरायचे हे कळत नाही. प्लॅस्टिक वापरू नकोस. ओली माती त्यात बुरसते आणि मग मला मातीऐवजी बुरशीचे चरित्र लिहावे लागते. तळवे घासू, झटकू नकोस. आणि सर्वांत शेवटी, तुलनेसाठी काचघरातली माती निरनिराळ्या जागांवरून घेऊन निरनिराळ्या पुड्यांत बांध. अनवाणी मात्र मुळीच जाऊ नकोस. खाली काचा आहेत आणि तू धांदरट आहेस.

तुझी ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताई, आणि पट्टीबहाद्दर भावोजी,

पार्सल पाठवले आहे. तुझे एकेक वाक्य वेदवाक्य मानून पाळले. जोड क्रमांक एक [पट्टी]. क्रमांक दोन [पट्टी]. क्रमांक तीन मिळवायला मात्र मला डोके लढवावे लागले. [पाच ओळींवर पट्टी. तिच्यावर भावोजींच्या अक्षरात: "मेहुणे, युक्ती झकास. पण हिला सांगता येत नाही."] नंतर माती गोळा करायला गेलो, तेव्हा [तीन ओळींवर पट्टी]. पण अनवाणी गेलो नाही, याची नोंद घ्यावी.

मातीत निळा चुरा दिसेल, त्याने दचकू नकोस. तावदानाच्या भगदाडातून गोगलगायी आत शिरल्या आणि उरलीसुरली बेगोनियाही चघळू लागल्या. म्हणून दुकानातून निळ्या गोळ्या आणून कुस्करून सगळीकडे पेरल्या. आजवर माझ्या काचघरात हे विष कधी आले नव्हते. पण आजवर तावदानही फुटले नव्हते.

भावोजी, पाया पडतो, निदान पुढची ओळ तरी राहू द्या. ताई, क्रमांक तीनच्या [पट्टी].

तुझा धाकटा


१८ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

पार्सल उत्तम बांधले होतेस. आयुष्यात प्रथमच तुझे कौतुक करताना माझा हात अडखळत नाही. जेवणाच्या टेबलावर तुझे तावदान मांडले आहे. आम्ही दोघे खिडकीच्या कट्ट्यावर ताटे ठेवून जेवतो. भावोजींनी काल विचारले, "टेबल कधी परत मिळेल?" मी म्हटले, "कोपऱ्याचे दोन तुकडे सापडेनात." ते मुकाट्याने पंजांवर बसून टेबलाखाली शोधू लागले.

काचेचे काम चालू आहे, तोवर मातीचे सांगते. माती म्हणजे नुसता चिखल नव्हे. ती जागेचे हस्ताक्षर असते. आधी तिला वाळवायचे, कारण ओली माती सगळीच सारखी काळसर दिसते. मग दिवसाच्या उजेडात रंग जुळवायचा, बारीक होत जाणाऱ्या चाळण्यांतून चाळायची आणि प्रत्येक चाळणीत काय उरले ते भिंगाखाली पाहायचे: वाळूचे कण टोकदार की गुळगुळीत, पानांचे तुकडे, परागकण, विटेची भुकटी. तुझ्या काचघराची खूण फारच गोड आहे. कुंड्यांच्या मिश्रणात तू जे पांढरे, हलके दाणे घालतोस, ते पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीतली काच भाजून लाह्यांसारखी फुगवलेली असते. काचघरात काच, मातीतही काच! मला इतका आनंद झाला की मी भावोजींना भर दुपारी झोपेतून उठवून दाखवले. त्यांनीही आनंद झाल्यासारखे केले.

जोड एकच्या तळव्यात ही माती खोल मुरलेली आहे. त्या माणसाचे तिथे रोजचे जाणे असणार. जोड दोनवर तिचा थोडा अंश आहे. जोड तीनवर सर्वांत बाहेरचा थर या मातीशी जुळतो.

पुढचे वाक्य दोनदा वाच. "जुळतो" म्हणजे "तिथलाच आहे" असे नव्हे, आणि "तिथे गेला" म्हणजे "त्याने फोडले" असे तर मुळीच नव्हे. मी आतल्या थरांना अजून हात लावलेला नाही. काचेचा निकाल येईपर्यंत कोणाजवळ अवाक्षर काढू नकोस.

तुझी ताई


२० फेब्रुवारी

ती. ताई,

अवाक्षर काढले. काढणारच होतो!

तुझे पत्र हाती घेऊन थेट स्वयंपाकघरात गेलो आणि मुलीला वाचून दाखवले. "जुळतो" हा शब्द जरा मोठ्याने वाचला. पुढची वाक्ये तांत्रिक होती, ती राहिली. मला वाटले होते, ती आदळआपट करील, रडेल, शेजारी गोळा होतील. तसे काही झाले नाही. ती म्हणाली, "ठीक आहे, बाबा. ठरलं ते ठरलं." मग काचघरात जाऊन तिने उरलेल्या रोपांना पाणी घातले आणि सव्वीस तारखेला येऊ नका असे [पट्टी] कळवून टाकले.

तेव्हापासून माझ्याशी हो आणि नाही याखेरीज बोलत नाही. विचारले, "भूक नाही का?" तर "नाही." विचारले, "बरं नाही का?" तर "हो." ती दोन्ही उत्तरे जोडून अर्थ काय लावायचा, ते मला समजत नाही. मी जिंकलो आहे. चहा तेवढा कडू लागतो.

तुझा धाकटा


२२ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद आज राखून ठेवते. आधी हे वाच, आणि तुझ्या पद्धतीने नव्हे, शेवटच्या ओळीपर्यंत वाच. ते झाले की हेच पत्र मुलीच्या हातात दे.

प्रथम काच. दगड, काठी किंवा ठोसा लागून तावदान फुटले, तर मार बसलेल्या जागेपासून भेगा चहूकडे पसरतात, कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांसारख्या. तुकड्याच्या कडेवर शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेघा उठतात आणि मार आतून बसला की बाहेरून, तेही त्या सांगतात. टेबलाखालचे कोपरे सापडल्यावर मी तुझे तावदान पूर्ण जुळवले. मार बसल्याची जागा त्यात नाही. कुठेच नाही! एकच भेग आहे. ती चौकटीच्या कडेपासून काटकोनात निघते, थोडी सरळ जाते आणि मग आळसावलेल्या नदीसारखी वळणे घेत काचभर हिंडते. कडा गुळगुळीत आहेत. ही भेग उष्णतेची. काचेचा मधला भाग तापून फुगू पाहतो, लोखंडी चौकटीतली कड रात्रीच्या गारठ्याने आखडलेली असते. दोघांची ओढाताण होते आणि कड हार मानते. ऊन सगळ्याच तावदानांवर पडते, मग नेमके हेच का तापले? तर त्याच्या आतल्या बाजूला, मधोमध, सरसाचे डाग आणि काळ्या रंगाचे पोपडे आहेत. काळ्या वस्तूइतके ऊन कोणी पीत नाही. तिथे काय चिकटवले होतेस, ते मला कळव. तुझ्या एकाही पत्रात, निदान पट्ट्यांबाहेर, त्याचा उल्लेख नाही.

आता जोड तीन. तळव्यावरची माती म्हणजे रोजनिशी असते. आधीचे आत, नंतरचे बाहेर. मी थर एकेक करून सोडवले. आतल्या थरांत रस्त्याची धूळ, लाकडाचा भुसा आणि काचेचे चिक्कार कण आहेत: साधी, खरबरीत, आरशाची, जाळीची. प्रत्येक कण मी तेलात बुडवून पाहिला. ही रीत अशी की तेल हळूहळू तापवत न्यायचे. तापता तापता तेलाची प्रकाश वळवण्याची तऱ्हा बदलते, आणि ती काचेच्या तऱ्हेशी मिळाली की कणाची कड विरत विरत नाहीशी होते. काच समोर असते आणि दिसत नाही! ते तापमान टिपायचे, दुसऱ्या काचेशी ताडायचे. इतक्या जातींची काच ज्याच्या बुटात आहे, त्याचा धंदा काचेचा असणार. त्याच्या बुटात काच सापडली नसती, तर मी चकित झाले असते. आतल्या थरांत तुझ्या तावदानाची काच नाही आणि पर्लाइटही नाही. बाहेरच्या थरात दोन्ही आहेत. त्या थरात तुझ्या तावदानाचा एक तुकडा रुतला होता. तो चिमट्याने उचलला. त्याच्याखाली, तळव्याला चिकटून, निळा कण होता.

निळ्या गोळ्या तू तावदान फुटल्यानंतर पेरल्यास. म्हणजे हा बूट आधी निळ्यावर पडला आणि मग काचेवर. म्हणजे तो काचघरात गेला, तो तावदान फुटून गोगलगायी येऊन गेल्यानंतर. त्या वेळी हे बूट कोणाच्या पायांत होते?

इथवर लिहून मी निकालावर सही केली आणि नियमाप्रमाणे भावोजींनी तुझी सगळी पत्रे किटलीच्या वाफेवर धरून पट्ट्या सोडवल्या. तेरा तारखेच्या पत्रातल्या तीन ओळी मी उभ्या उभ्या वाचल्या आणि मग खुर्ची शोधली. तू लिहितोस: "तू सगळे बूट बांधायला सांगितलेस, म्हणून माझे बांधले. चपला त्या काचवाल्याला दिल्या, कारण त्याचे बूट मी दारातच काढून घेतले होते. अनवाणी जायला तूच मनाई केलीस. तेव्हा क्रमांक तीनचेच बूट घालून माती गोळा केली आणि मग ते पिशवीत भरले."

धाकट्या, पुरावा पायात घालून पुरावा गोळा करणारा इसम माझ्या साऱ्या नोकरीत मला भेटला नाही. भावोजींना मी विचारले, "तुम्ही हे वाचलंत, तरी गप्प बसलात?" ते म्हणाले, "ओळीत काचवाला होता. नियम तुझाच."

लग्नाचा करारही मला आज कळला. तावदान कोणा माणसाने फोडलेले नाही, हा माझा निकाल आहे. तिची आई गेल्यापासून तुझी मुलगी तुझ्या रोपांना पाणी घालते आहे. तू नेमका कशाला घाबरला आहेस, ते कोणत्याही तेलात बुडवून मला मोजता येत नाही. ते तुझे तू मोज. पण सव्वीसच्या आत.

तुझी ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताई,

पुन्हा बोलावणे धाडले आणि काल त्याचे आईवडील येऊन गेले. लग्न ठरले. कसे ते ऐक. भावोजी, तुम्हीही ऐका, आज पट्ट्या नकोत.

तुझे पत्र मी शेवटपर्यंत वाचले आणि मुलीच्या हातात दिले. तिने तेलाचा भागसुद्धा सावकाश वाचला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही त्याचे बूट घातलेत?"

"हो."

"बसले?"

"सैल झाले."

"तुमच्या चपला त्याला इतक्या घट्ट झाल्या की तो टाचा बाहेर काढून घरी गेला," ती म्हणाली आणि इतक्या दिवसांनी हसली. मग एकदम थांबली. "आणि बाबा, त्या काचेवर काय चिकटवलं होतं?"

ताई, तुझ्यापासून लपवले, तिच्यापासून लपवता येईना. बाकाच्या मागून काळा पुठ्ठा काढून तिच्या पुढ्यात ठेवला. त्यावर मी पांढऱ्या रंगाने लिहिले होते: "विक्रेत्यांनी आत येऊ नये. काचवाल्यांनी तर मुळीच नाही." तावदान फुटलेले पाहताच मी तो आधी दडवला आणि मग काचा पाहिल्या. का दडवला, ते तेव्हा मला कळले नव्हते. तिने पुठ्ठा पालथा करून ठेवला. मग म्हणाली, "त्याला तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं. मी येणार नाही."

गेलो. तो दुकानात माप घेत होता. मला पाहून उठला. मी सगळी पाठ केलेली वाक्ये विसरलो आणि म्हटले, "मोठं तावदान हवं आहे." त्याने काच कापून दिली. हातगाडी बाहेर गेलेली होती, म्हणून आम्ही दोघांनीच ती उभी धरली, पुढे तो, मागे मी, आणि चालत निघालो. मोठी काच दोघांनी धरली की बोलणाऱ्याला माघार घेता येत नाही आणि ऐकणाऱ्याला निघून जाता येत नाही.

मी म्हटले, "तावदान मीच फोडलं. म्हणजे माझ्या पुठ्ठ्यानं. पुठ्ठ्यावर तुझ्याविषयी लिहिलं होतं."

तो म्हणाला, "काका, पायरी."

पायरी उतरलो. म्हटले, "तुझ्यावर आळ घेतला, ती माझी चूक झाली."

"उजवीकडे घ्या. खांब आहे."

खांब चुकवला. कंबर ओरडत होती. म्हटले, "लग्नाला माझी हरकत नाही. ती गेल्यावर घर खायला उठेल म्हणून मी असा वागलो. ऐकतोयस का मी काय म्हणतो ते?"

"ऐकतोय," तो म्हणाला. काच थोडी थरथरली. "पण काका, हे दुकानात का नाही बोललात? आता हात सोडता येत नाहीत, नाहीतर उडी मारली असती."

फाटकात मुलगी उभी होती. काय ठरले ते तिने विचारले नाही. काचेतून आमचे चेहरे दिसतच होते.

तावदान चौकटीत बसवले, तेव्हा तो बाहेरून कडेला लांबीचा लगदा भरू लागला आणि मला म्हणाला, "काका, तुम्ही आतून दोन्ही तळवे लावून धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडू नका." मी धरून उभा राहिलो. पलीकडे मुलगी त्याच्यासाठी चहा घेऊन आली. मग दोघे पायरीवर बसले. ती काहीतरी सांगत होती, तो हसत होता, मला काही ऐकू येत नव्हते. काच नवी आहे, फार स्वच्छ. पुष्कळ वेळाने माझ्या लक्षात आले की लांबी केव्हाच भरून झाली आहे आणि मला सोडा म्हणून सांगायचे दोघेही विसरले आहेत.

मी आणखी थोडा वेळ तसाच धरून उभा राहिलो.

तुझा धाकटा